मालकीणबाईंची चौदा पानं

पैसे भरले आणि दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंचं पहिलं पत्र आलं. त्यात आमचं स्वागत एका ओळीत होतं आणि सेप्टिक टँक दीड पान.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे. तिथल्या हॅरिसमध्ये, चार घरं आणि चाळीसेक मेंढ्या एवढ्या भांडवलावर जिला गाव म्हणतात अशा वस्तीत, आमच्या ग्लासगोच्या मुलानं जूनमधल्या एका आठवड्यासाठी घर घेतलं होतं. मालकीणबाईंना आम्ही पाहिलंही नव्हतं. पण त्या महिन्याभरात त्यांची जितकी पत्रं आली, तितकी मुलाच्या लग्नात व्याह्यांकडूनही आली नव्हती. शेवटच्या पत्राला चौदा पानांची पुस्तिका जोडलेली.

ही एक जमातच आहे. नॉर्वेतली हिची बहीण चादरी घरून आणायला सांगते आणि निघताना तुमच्याकडूनच फरशी पुसून घेते. ऑस्ट्रेलियातल्या मावसबहिणीचं घर पावसाच्या टाकीवर चालतं, त्यामुळे पाहुण्याला अंघोळीला किती मिनिटं लागतात याचा हिशेब तिच्या डोक्यात असतो. वस्ती जितकी विरळ, तितकं पत्र लांब. आपल्याकडे गुहागरला खोलीसाठी फोन करा. "या हो, एस्टी स्टँडवर कुणालाही विचारा," एवढ्यात मार्गदर्शन संपतं, आणि खरोखरच कुणीही घरापर्यंत आणून सोडतो. हॅरिसच्या बाईंची पंचाईत हीच, की तिथे 'कुणीही' मुळात नसतोच. त्यामुळे त्याचं काम कागदाला करावं लागतं.

पुस्तिकेचं पहिलं वाक्य होतं, "पोस्टकोडवर विश्वास ठेवू नका." एकच पोस्टकोड अख्ख्या वस्तीला पुरवलेला असल्यामुळे गाडीतला नकाशा पाहुण्यांना आनंदाने मेंढ्यांच्या कोंडवाड्यात नेऊन सोडतो. मग पुढे खाणाखुणा: पत्र्याची शेड, नंतर रस्त्यातली जनावरं अडवायची लोखंडी जाळी, नंतर दुसरं फाटक. "पहिलं नव्हे." या दोन शब्दांखाली रेघ होती. पहिल्या फाटकातल्या माणसाशी बाईंचं काय झालं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

रस्त्याची तीन पानं. बेटाच्या पूर्वेच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या रस्त्याला गोल्डन रोड म्हणतात. बांधताना इतका पैसा ओतावा लागला म्हणून ते नाव पडलं, असं सांगतात. एवढा पैसा ओतूनही रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून कुणी आलं तर थोड्या थोड्या अंतरावर बाहेर फुगवलेल्या जागा असतात, त्यांत शिरायचं. जागा आपल्या डावीकडे असेल तर आपण आत जायचं. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं, म्हणजे समोरचा आत जातो. तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत. "मागून कुणी येत असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्या, तुम्ही सुटीवर आहात, तो नाही." आणि आभार मानायला स्टीअरिंगवरून एक बोट उचलायचं. "पुण्यात एक बोट दाखवून बघ," बायको म्हणाली. मुलगा पहिल्या दिवशी कृतज्ञतेनं अख्खा हात हलवत होता, तिसऱ्या दिवशी बरोबर एका बोटावर आला.

वाऱ्याच्या बाबतीत बाईंची भाषा आधी शिकून घ्यावी लागते. "किंचित वारा" म्हणजे कचऱ्याच्या डब्यावर धोंडा ठेवा. "दिवस जरा वाऱ्याचा आहे" म्हणजे बोट रद्द. गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा, नाहीतर बिजागऱ्यांसकट जाईल. एवढं सांगून लगेच, "पण वाऱ्याला नावं ठेवू नका. तो पडला की मिज येतात." मिज म्हणजे चिलटासारखे, डोळ्यांना धड न दिसणारे चावरे कीटक. एका डासाशी झुंजायची सवय असलेल्या माणसाला हे ढगानं कसे येतात ते समजायला पाच मिनिटं लागतात, आणि तोवर कान सुजलेले असतात. त्यावर उपाय म्हणून कपाटात त्वचा मऊ ठेवायच्या तेलाची एक बाटली होती. मूळचं सौंदर्यप्रसाधन, पण त्या बाजूला ते सौंदर्यासाठी कुणी वापरत असेल असं वाटत नाही.

पाण्याबद्दलही आधीच सांगितलेलं होतं. पीटच्या, म्हणजे कुजून दबलेल्या शेवाळमातीच्या, जमिनीतून येतं म्हणून नळाला फिक्या चहाच्या रंगाचं पाणी येईल. घाबरू नका, तपासणीचा कागद फ्रिजवर लावलाय. हे सगळं वाचूनही बायकोनं टब भरताना हाक मारलीच, "आधीच्या लोकांनी यात चहा सांडलाय का?"

चौदा पानांत सर्वांत ठळक अक्षरं मात्र रविवारची. "रविवारी सगळं बंद असतं. दूध शनिवारी घ्या." हेच वाक्य पुढे आणखी दोनदा. आता 'बंद' या शब्दाशी आपलं नातं काय? आपल्याकडे बंद म्हणजे अर्धं शटर. खाली वाकून "एक पिशवी द्या हो" म्हटलं की आतून हात येतो. त्या भरवशावर आम्ही शनिवारी संध्याकाळी किनाऱ्यावर शंख वेचत बसलो. रविवारी कळलं की तिथे शटर पुरतं खाली असतं आणि आत कुणी नसतं, कारण सगळे चर्चमध्ये असतात. लुइस आणि हॅरिस हे एकाच बेटाचे दोन भाग, आणि दोन्हीकडे रविवारचं सोवळं कडक. लुइसमधल्या स्टॉर्नोवेच्या बंदरातून रविवारची नियमित बोट सुटायला 2009 उजाडलं, आणि त्याच गावातलं मोठं सुपरमार्केट रविवारी पहिल्यांदा उघडलं ते नोव्हेंबर 2024 मध्ये. "रविवारी कपडे बाहेर वाळत घातले नाहीत तर शेजाऱ्यांना बरं वाटेल," असंही बाईंनी लिहिलं होतं. शेजारी अर्ध्या मैलावर होते. आम्ही बिनदुधाचा चहा पिऊन, ओले टॉवेल खुर्च्यांवर पसरून त्यांना बरं वाटू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र मी ती पुस्तिका कादंबरीसारखी वाचायला लागलो. "शेकोटीतली राख कागदी पिशवीत भरू नका." हे कुणाला सुचलं असेल? "मेंढी पाय वर करून पडलेली दिसली तर ती ऊन खात नाही. तिला आपण होऊन उठता येत नाही. उलटी करा आणि तोल सावरेपर्यंत धरून उभे राहा." म्हणजे कुणीतरी मेंढी ऊन खातेय समजून तिचे फोटो काढले होते. "कोकरू एकटं दिसलं तरी अनाथ नसतं. घरात आणू नका." म्हणजे आणलं होतं. कुठल्या खोलीत ठेवलं असेल? दूध पाजलं असेल का? आणि रविवार असेल तर ते दूध कुठलं? अशी ही सगळी मंडळी त्या घरात आमच्याबरोबर राहत होती, आणि सर्व सूचना मुकाट पाळणारे आम्हीच काय ते शहाणे, असा माझा समज होत चालला होता.

पाचव्या दिवशी बायकोनं फोडणी केली.

पास्ता आणि टोस्टला सगळेच विटले होते. पुण्याहून नेलेली तुरीची डाळ शिजली, कढल्यात तेल तापलं, मोहरी पडली. चौदा पानांत मोहरी नव्हती. पण स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून असा कायदा आहे की घरातले धुराचे आणि उष्णतेचे सगळे भोंगे एकमेकांना जोडलेले हवेत. एक वाजला की सर्व वाजले पाहिजेत. ते वाजले. बैठकीतला, जिन्यातला, स्वयंपाकघरातला, आणि झोपायच्या खोलीतला सर्वांत जोरात. बाहेर मेंढ्यांनी एकदमच माना वर केल्या. मुलगा स्टुलावर चढून टॉवेल फडकवत होता, मी पुस्तिकेत पान शोधत होतो, बायकोनं कढलं तेवढं शांतपणे डाळीवर उलटं केलं.

दहा मिनिटांनी दारात शेजारचा विणकर. हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड विणणाऱ्यानं ते बेटावरच्या आपल्या घरीच विणायचं असा 1993 चा कायदा आहे, त्यामुळे दिवसा घरी सापडणारा तो एकटाच. त्यानं आत डोकावून नाक वर केलं, आग नाही एवढी खात्री केली, "दिवस बरा आहे," म्हणाला आणि मागावर परत गेला. घरात मोबाइलला रेंज नव्हती. बाईंचं घर दहा मैलांवर.

शनिवारी दहा वाजता बाई किल्ली घ्यायला आल्या. पत्रांवरून मी उंच, करड्या मुद्रेच्या कुणाची तरी वाट पाहत होतो. आल्या त्या ठेंगण्या, रेनकोट घातलेल्या, कानामागे पेन्सिल खोचलेल्या. आधी हवेबद्दल बोलणं झालं, मग बोटीबद्दल. सिंकमध्ये तेल ओतलं नाही ना, म्हणून विचारलं. फ्रिजवरचा कागद सरळ केला. मग छतावरच्या भोंग्याकडे बघत म्हणाल्या, "बुधवारचं ते बी कसलं होतं?"

"मस्टर्ड सीड," मी म्हणालो.

"तसं नको, तुमच्यात त्याला काय म्हणतात? पुढच्या वेळी तुमच्याकडचं कुणी आलं तर वाचून कळायला हवं."

"मोहरी."

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "स्पेलिंग?"

मुलगा एकेक अक्षर सांगू लागला.