गलासातलं मावरं

आमच्या शेजारचे नाखवा मूळचे करंजाचे. कुणाचीही खुशाली विचारायची त्यांची पद्धत एकच: ‘काय गावला का रं?’ बाजारातून येणाऱ्याला तेच आणि मुलगी बघून येणाऱ्यालाही तेच. १९९९ च्या पावसाळ्यात होडी शाकारून ते घरी बसले आणि हा प्रश्न रोज माझ्या वाट्याला येऊ लागला. कारण त्या दिवसांत मी परग्रहावरचे लोक शोधत होतो.

म्हणजे मी नव्हे, माझा संगणक. मी दिवसभर मुंबईत लोकांचे बिघडलेले संगणक बघायचो आणि ओहोटीने मोरा बंदराची लाँच अडवली नाही, तर वेळेवर घरी यायचो. त्या मे महिन्यात बर्कलीच्या विद्यापीठाने ‘सेटी अ‍ॅट होम’ सुरू केलं होतं. आपण उठलो की संगणकाने रिकामं बसायचं नाही. प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या खरखरीचा १०७ सेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि त्यात कुणाची हाक आहे का, ते चाळत बसायचं. माझ्या यंत्राला एका तुकड्याला दोन दिवस लागत. पडद्यावर नुसते रंगीत सुळके. आईला त्यात दोनच गोष्टी दिसत, विजेचं बिल आणि टेलिफोनचं बिल. ‘गरज असेल तर ते करतील फोन,’ ती म्हणे.

नाखवांना मात्र अरेसिबो एका दमात समजली. ३०५ मीटर रुंद थाळी, डोंगरातल्या खळग्यात बसवलेली. ती जागची हलत नाही. पृथ्वी फिरते, तसं आकाशच तिच्यावरून सरकतं.

‘म्हंजे डोल,’ ते म्हणाले.

बरोबर! डोल जाळं पाण्यात बांधून ठेवायचं, मासळीमागे धावायचं नाही. भरती-ओहोटीचं पाणीच तिला आत आणून घालतं. त्यातून सेटीवाल्यांची दुर्बीण स्वतःची नव्हती. दुसरे शास्त्रज्ञ जिकडे बघत, तिकडचं जे मिळेल ते हे गोळा करत.

‘दुसऱ्याच्या डोलीवर?’ नाखवांची भुवई चढली. मी विषय बदलला.

त्यांना सांगितलं, १५ ऑगस्ट १९७७ ला ओहायोतल्या दुर्बिणीवर ७२ सेकंद एक जबरदस्त संकेत आला होता. पुन्हा कधीच आला नाही.

‘सुटलेलं मावरं मोठंच आसतं,’ नाखवा म्हणाले.

जिल टार्टर या खगोलशास्त्रज्ञ बाईंचा दाखला तर मी द्यायलाच नको होता. आजवरचा शोध म्हणजे जगातल्या सगळ्या समुद्रांतून काढलेलं एक पेलाभर पाणी, असं त्या सांगत.

‘गलासात मावरं गावतं का रं?’

२०१८ साली नवा हिशेब आला: पेला नव्हे, लहानसा पोहण्याचा तलाव. धावत सांगायला गेलो. नाखवांनी विचार केला. ‘कोलंबी गावंल.’

३१ मार्च २०२० ला तुकडे येणं थांबलं. बर्कलीवाले जमलेली मासळी निवडायला बसले. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोचे पोलादी दोर तुटले आणि वर टांगलेला ९०० टनांचा सांगाडा थाळीत कोसळला. मी सांगायला गेलो तेव्हा नाखवा ओट्यावर जाळं शिवत होते. सुई थांबली.

‘दोर कवाचा व्हता?’

‘१९६३ चा.’

‘सत्तावन वर्सं तोच दोर!’ म्हणत ते उठले आणि भर उन्हात आपल्या होडीचा दोर बघायला बंदराकडे निघाले.