आवाजाचा सातबारा

येरमाळ्याच्या चौकात अण्णांची गाडी थांबली की चहावाला न विचारता दोन चहा टाकतो. एक अण्णांना, दुसरा जो सापडेल त्याला. सापडलेल्याची सुटका हार्ली-डेव्हिडसनच्या 'फॅट बॉय'पर्यंत, म्हणजे 1990 सालापर्यंत, पोचल्याशिवाय होत नाही आणि अण्णा सुरुवात करतात 1903 पासून. "मिलवॉकी गाव. 10 बाय 15 फुटांचं लाकडी शेड. आपला गोठा मोठा हाय त्याच्यापेक्षा!"

स्वतः अण्णांकडे 2005 ची बजाज ॲव्हेंजर आहे. अंगलट अमेरिकन, पोटात पल्सरचं 180 सीसीचं इंजिन. टाकीवर रेडियमवाल्याकडून पंख पसरलेला गरुड चिकटवून घेतलाय. उन्हानं त्याचा एक पंख उडाला. वहिनी त्याला कोंबडी म्हणतात. मागच्या सीटवर बहुधा पेंडीचं पोतं असतं, तरी अण्णा पाय पुढं टाकून, छाती काढून असे बसतात की 1991 च्या 'टर्मिनेटर 2'मधल्या श्वार्झनेगरनंच यांच्याकडून धडा घेतला असावा.

पण अण्णांचा खरा प्रांत आवाजाचा. व्ही आकारात 45 अंशांत दोन सिलिंडर, दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. म्हणून ठोके सारख्या अंतरानं पडतच नाहीत. "डब-डब… डब-डब. मधली फट ऐकू आली का?" तेरखेड्याचे फटाके ऐकत वाढलेल्या आमच्या कानांना फट कसली ऐकू येणार? आम्ही मान हलवतो. या आवाजावर मालकी सांगायला कंपनीनं 1994 साली ट्रेडमार्कचा अर्ज केला होता. "म्हणजे आवाजाचा सातबाराच!" हे म्हटल्यावर तलाठी भाऊसाहेब सावरून बसले.

"मग? हरकती आल्या?"

"येणारच की! होंडा, यामाहा, कावासाकी… सगळी भावकी उठली. खेटे घालून दमले आन् 2000 साली अर्ज मागं घेतला."

2020 च्या सप्टेंबरात कंपनीनं भारतातला कारभार गुंडाळायचं जाहीर केलं, तेव्हा अण्णांनी चार दिवस दाढी केली नाही. पुढच्याच महिन्यात विक्री हिरोकडे गेल्याचं कळलं. "स्प्लेंडरवाल्याच्या घरात दिली व्हय!" म्हणून पुन्हा तोंड फिरवून बसले.

आणि परवा खरीखुरी फॅट बॉय चौकात आली. हैदराबादचा पाहुणा, वेरूळला निघालेला. तीनशे किलोंच्या वरचं ते धूड स्टँडवर कललं, तशा अण्णांनी चपला काढल्या. एक प्रदक्षिणा झाली. मग पाहुण्याला गाडी चालू करायला लावून सायलेन्सरशी कान नेला. नव्या इंजिनात थरथर मारायला बॅलन्सर असतात. गाडी शहाण्यासारखी गुरगुरत राहिली. अण्णा बराच वेळ ऐकत होते. पाहुणा कौतुकाच्या अपेक्षेनं हसत उभा.

अण्णांनी पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, फसवलं तुम्हाला. टायमिंग बिघडलंय हिचं. धाराशिवात आपला मिस्त्री हाय, नाव सांगा माझं. दोनशेच्या वर एक रुपया देऊ नका."