सूचकही साहेब, अनुमोदकही साहेब

अमेरिकेच्या राजधानीतले लोक कर भरतात, पण कायदा मंजूर होताना संसदेत त्यांच्या प्रतिनिधीला मत नाही. तो राग ते २००० सालापासून गाडीच्या नंबरप्लेटवर मिरवतात. आमच्या हिंगोलीच्या एमएच-३८ वर एवढी जागा कुठली? तिथे आधीच 'आईचा आशीर्वाद'.

२०१७ ला निवडलेल्या हिंगोली जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक लांबली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. कारभार एकदम सुटसुटीत! अधिकारी म्हणून साहेबांनी प्रस्ताव ठेवायचा, सभागृह म्हणून साहेबांनीच तो मंजूर करायचा. गोंधळ नाही, सभात्याग नाही, चहा-बिस्किटांचं बिलही कमी. सेनगावकडच्या शेतकऱ्याला पांदण रस्त्यातला गुडघाभर चिखल दाखवायला हक्काचा सदस्य उरला नाही, एवढीच काय ती अडचण.

आपण मागास म्हणून हे झालं, असं मात्र कुणी समजू नये. त्याच मार्चमध्ये खुद्द राजधानी मुंबईची महापालिकाही प्रशासकाच्या हाती गेली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तिला एकही नगरसेवक नव्हता. मराठवाड्याच्या विकासाचा अनुशेष भरत नाही म्हणतात. या एका बाबतीत हिंगोली थेट मुंबईच्या पंक्तीला बसली, तेही अनुशेषावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळाची मुदत २०२० मध्येच संपलेली असताना!