यंदा घरीच

नवरात्र उठलं की काही जोडप्यांकडून एक घोषणा होते. आधी ती एकमेकांपाशी होते, मग रजेचा अर्ज देताना साहेबांपाशी, मग फोनवरून माहेरी आणि सासरी, आणि शेवटी सोसायटीच्या लिफ्टमध्ये जो भेटेल त्याच्यापाशी. ‘‘यंदा दिवाळीत कुठ्ठे जायचं नाही. घरीच. नुसता आराम.’’ हे ‘यंदा’ दरवर्षी असतं, ही गोष्ट ऐकणारे सौजन्यानं विसरतात. जोडपं साधारण चाळिशी ओलांडलेलं, दोघंही नोकरीतली, घर ठाण्यात, डोंबिवलीत, कोथरूडला नाहीतर नाशकात. आरामाची तयारीही कसून झालेली असते. चार दिवाळी अंक आणलेले, बघायच्या मालिकांची यादी फोनमध्ये केलेली, दुपारी एक ते चार झोप हा ठराव एकमतानं मंजूर. भाऊबीज आटोपून हीच दोघं कामावर जातात तेव्हा डोळे तारवटलेले असतात आणि तोंडी एकच वाक्य असतं, ‘‘कसली सुट्टी नि कसलं काय! माणसांची नुसती रीघ.’’ ऐकणारे हळहळतात. ही हळहळ अस्थानी आहे असं माझं मत आहे. या जोडप्याचा आराम कुणी लुटत नाही. आराम त्यांना मुळात नकोच असतो. ‘आम्ही घरीच आहोत’ हा त्यांनी यजमानपदासाठी भरलेला उमेदवारी अर्ज असतो, आणि तक्रारीच्या सुरात भरल्यामुळे तो कधी बाद होत नाही.

पहिला पुरावा सणाच्या घडणीतच आहे. निवांत पडून राहायचं असेल तर वर्षात इतर बरेच दिवस आहेत, पण दिवाळी हा उठण्याचा सण आहे. नरक चतुर्दशीला सूर्योदयानंतर अंघोळ करणारा नरकात जातो अशी समजूत ज्या सणानं जपली, त्या सणात उशिरापर्यंत लोळायची योजना आखणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पहाटे साडेचारचा गजर, तेल, उटणं, पायाच्या अंगठ्याखाली फुटणारं कारीट, बाहेर कुणाच्या तरी मुलानं लावलेली पहिली माळ, आणि सहा वाजता समोर फराळाचं ताट. आठ वाजता सगळं घर पेंगुळतं. मुलगी तेवढी ताजीतवानी होऊन, नवे कपडे घालून मैत्रिणींबरोबर, घर डोंबिवलीत असेल तर फडके रोडला, निघून गेलेली असते. नऊला दाराची बेल वाजते. हा क्रम जोडप्याला ठाऊक नसतो असं कोण म्हणेल? त्यांनी तो चाळीस वर्षं पाहिला आहे. तरीही ‘नुसता आराम’ हे शब्द ते उच्चारतात, म्हणजे त्या शब्दांचं काम वेगळं असलं पाहिजे.

ते काम कोणतं, हे भाऊबीजेचं गणित मांडल्यावर दिसतं. रीतीप्रमाणे भावानं बहिणीकडे जायचं. म्हणजे नवऱ्यानं त्याच्या बहिणीकडे जायला हवं आणि त्याच वेळी बायकोचा भाऊ तिच्याकडे यायला हवा. त्या भावालाही बायको असते आणि तिलाही भाऊ असतो. हे सूत्र प्रामाणिकपणे चालवलं तर त्या दिवशी प्रत्येक जोडप्यातलं एक माणूस ताट घेऊन दारात आणि दुसरं पाकीट घेऊन रस्त्यात असेल. एसटीनं जादा गाड्या कितीही सोडल्या तरी हे कोडं सुटायचं नाही. कुणीतरी एका जागी ठाण मांडून बसलं तरच सुटतं. मग सगळ्या कुळाच्या नजरा वळतात त्या घोषणा करणाऱ्या घराकडे. ‘‘तुम्ही घरीच आहात ना? मग तिकडेच जमू या सगळे.’’ नणंद येते, मेहुणा येतो, मेहुण्याची बायको आपल्या भावालाही तिथेच बोलावून घेते, आणि साताऱ्याहून सासूबाई ‘‘आमचा काही त्रास नाही हो, दोन घास खाऊन पडून राहू’’ असं सांगत चार पिशव्यांसह उतरतात. पाडवा हा खरा जोडप्याचा म्हणावा असा दिवस. त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते ती दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसलेल्या मंडळींच्या साक्षीनं, आणि ओवाळणीत काय पडलं यावर मंडळींची चर्चा होते. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपलं लग्न पुन्हा लागतंय असं दोघांना वाटलं तर नवल नाही.

सोसायटीच्या दृष्टीनं पाहिलं तर यांचं महत्त्व आणखीच वाढतं. शेजारचे केरळला जातात, वरचे कोकणात जातात, समोरचे राजस्थानात. जाताना सगळे किल्ल्या यांच्याकडे ठेवतात. कुंड्यांना पाणी, दुधाची पिशवी, वर्तमानपत्र उचलून ठेवणं, ‘‘जरा देवापाशी दिवा लावाल का?’’ अशी यादी किल्लीला बांधूनच येते. वॉचमन, कचरावाला, पेपरवाला, पोस्टमन दिवाळीची पोस्त मागायला येतात तेव्हा बाकीच्या दारांना कुलूप असतं, आणि उघड्या दारातून ‘‘त्यांचंही आमच्याकडून घ्या, नंतर बघू आम्ही’’ असं ऐकू येतं. हे ‘नंतर’ कधी येत नाही, ही वेगळी गोष्ट. या सगळ्याबद्दल नवरा कुरकुरतो खरा, पण सात घरांच्या किल्ल्या ज्या खिळ्याला टांगल्या आहेत तो खिळा पाहुण्याला दाखवताना त्याचा चेहरा बघावा. जुन्या वतनदाराला सनद दाखवताना याहून जास्त अभिमान वाटत नसावा.

आता फराळ. फराळ तर हल्ली विकत मिळतो, मग कामाचं एवढं अवडंबर कशाला, असा आक्षेप इथे हमखास येतो. आक्षेप घेणाऱ्यानं विकतचा फराळ आणणारं घर जवळून पाहिलेलं नसतं. आधी चार ठिकाणच्या चकल्यांचे नमुने येतात. त्यांवर परिषद बसते. एका चकलीत मोहन जास्त म्हणून ती हातात तुटते, दुसरीत कमी म्हणून दातांना भारी, तिसरीत भाजणी कच्ची, चौथी बरी पण भाव बघून घास अडकतो. शेवटी ‘‘एवढ्या पैशात घरी तिप्पट होतील’’ हा निकाल लागतो आणि भाजणी दळायला जाते. चिवडा तर घरचाच, कारण विकतच्यात खोबऱ्याचे काप मोजून टाकतात. शंकरपाळे घरचे, कारण ते सोपे. करंज्या घरच्या, कारण साचा आणलेलाच आहे, वाया कशाला घालवायचा? उरले अनारसे. ते कुणी घरी करत नाही, असं सगळेच म्हणतात. पण सासूबाईंच्या चार पिशव्यांपैकी एकीत तांदूळ असतात. ते तीन दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, फडक्यावर पसरून, ओलसर असतानाच दळून गुळात मळायचे, आणि तो गोळा पुन्हा मुरत ठेवायचा. इतकी विश्रांती घरात फक्त त्या तांदळाला मिळते. पुढे तो अनारसा तुपात हसला, म्हणजे फुटून पसरला, की बाकी कुणी हसत नाही. दोन दिवस घरात पीठ सैल होतं की तूप थंड होतं या विषयाशिवाय दुसरा विषय नसतो.

बरं, हा सगळा खटाटोप खाण्यासाठी म्हणावा तर तसंही नाही. फराळ प्रामुख्यानं फिरण्यासाठी असतो. शेजारून ताट येतं, ताट रिकामं परत पाठवायचं नाही, म्हणून त्यात आपला चिवडा जातो. मजल्यावरच्या प्रत्येक घरी एकाच जातीचे पोहे, एकच शेंगदाणे, एकच कढीपत्ता, आणि तरीही प्रत्येक घर आपला चिवडा देऊन दुसऱ्याचा घेतं. अर्थशास्त्राला हा व्यापार कळणार नाही, कारण यात नफा कुणालाच नसतो. जोडप्याला मात्र तो नेमका कळतो. ज्या घरातून सगळ्यात जास्त ताटं जातात त्या घरात सगळ्यात जास्त ताटं येतात, आणि जिथे ताटं येतात त्या घराला मजल्यावर एक वजन असतं. ‘‘चकली यंदा छान झालीय हं तुमची’’ हे ऐकण्यासाठी माणूस तीन रात्री सोऱ्याशी झटापट करतो. त्यानं आराम हवा होता असं म्हणू नये, एवढीच आपली विनंती.

तरीही शंका घेणारे म्हणतील की हे सगळं परंपरेच्या आणि पाहुण्यांच्या दडपणानं होतं, मोकळीक मिळाली असती तर बिचाऱ्यांनी आराम केलाच असता. सुदैवानं पंचांगानं याचा प्रयोग करून ठेवला आहे. २०२४ आणि २०२५ या लागोपाठच्या दोन्ही वर्षी धनत्रयोदशी आणि नरक चतुर्दशी यांच्या मध्ये एक दिवस रिकामा आला. त्या दिवशी पूजा नाही, स्नानाचा नियम नाही, ओवाळणं नाही. असला भाकड दिवस म्हणजे दिवाळीनं स्वतःहून दिलेली सुट्टी, आणि २०२५ मध्ये तर तो १९ ऑक्टोबरचा रविवार होता. पाहुणे अजून पोचायचे होते, फराळ डब्यांत बंद होता. असा दिवस हाती आल्यावर ‘यंदा घरीच’ जोडपं काय करतं? माळा काढतं. माळ्यावरची पितळी भांडी उतरवली जातात, चिंचेनं घासली जातात आणि पुन्हा माळ्यावर जातात, कारण ती वापरायची नसतातच. नवरा गेल्या वर्षीच्या दिव्यांच्या माळेची गाठ सोडवत बसतो. दुपारी सुटलेली माळ पेटत नाही, म्हणून बाजारात जाऊन नवी आणतो, आणि जुनी ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून माळ्यावर चढते. कुणाचं दडपण नव्हतं. कुणी आलं नव्हतं. एक ते चार झोपायचा ठराव कागदावर तसाच होता.

दिवाळी अंकांची साक्षही याच बाजूची आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादक गृहीत धरत आले आहेत की दिवाळीत वाचकाला पाय पसरून वाचायला वेळ असतो. शतकाहून अधिक काळ चाललेला हा एक गोड गैरसमज आहे. घरी बसणाऱ्या जोडप्याच्या चार अंकांपैकी दिवाळीत फक्त राशिभविष्याची पानं उघडली जातात, तीही पाहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला. ‘स्थावराचे योग’ ऐकून मेहुणा विचारतो, ‘‘मग घर मोठं कधी घेताय?’’ कथा, वैचारिक लेख आणि दीर्घ मुलाखती पुढे शिमग्यापर्यंत पुरतात.

एका आक्षेपाला मात्र मान तुकवावी लागेल. ‘जोडप्याला आराम नको असतो’ असं दोघांना एकाच दोरीनं बांधून म्हणणं सोपं आहे, पण राबणं दोघांच्या वाट्याला सारखं येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांनीही तेवढ्यात आपली नऊ मिनिटं सोडवून घेतलेली दिसतात. हे रोजचं झालं. दिवाळीतला नवरा आकाशकंदील लावतो, शिडीवर उभा राहून स्क्रू मागतो, चकली तळली जात असताना झारा कुठला हे विचारतो आणि तिसऱ्या घाण्याला गॅस बारीक करायचं सुचवतो. रात्री अंग टाकताना मात्र ‘‘दमलो बुवा’’ हे पहिल्यांदा तोच म्हणतो. तेव्हा हौस दोघांची आणि कंबर तिची, असा हिशेब मांडणं न्यायाचं होईल. पण हौस तिचीही असते, हे नाकारून तिला नुसती बिचारी ठरवणं तिलाच रुचणार नाही. कामाला बाई लावू या असं नवऱ्यानं सुचवलंच तर नकार तीच देते, आणि आलेल्या जावेला ओट्यापाशी फिरकूही देत नाही. ‘‘तुम्ही बसा हो, दोन दिवस आराम करायला आलात,’’ असं म्हणताना आपली चीज आपण दुसऱ्याला वाटतो आहोत याचं तिला काहीच वाटत नाही.

मग बाहेरगावी का जात नाहीत? गेले होते कधीतरी महाबळेश्वरला. पसरणी घाटात गाड्यांच्या रांगेत अडकून, हॉटेलातला तेलकट उपमा खाऊन आणि खोलीच्या भाड्याची रक्कम दर तासानं आठवून ते परत आले. पण खरं कारण प्रवासाचा त्रास हे नव्हे. महाबळेश्वरला त्यांना कुणी ‘‘तुम्ही आहात ना?’’ असं विचारलं नाही. तिथे ते नसते तरी चाललं असतं, आणि सुट्टीचा हा गुण त्यांना झेपला नाही.

याची खात्री करून घ्यायची असेल तर ज्या वर्षी खरोखरच कुणी येत नाही ते वर्ष पाहावं. नणंदेकडे लग्नघर असतं, मेहुणा परदेशी, सासूबाईंचा गुडघा दुखत असतो, शेजारीही आपापल्या घरी. पाडव्याची सकाळ अगदी जाहीर केल्याप्रमाणे उजाडते. दोघं नाश्ता करतात, एक अंक उघडतात, एक मालिका लावतात. दहाला नवरा बेल वाजते का हे दोनदा दाबून बघून येतो. साडेदहाला बायको चिवड्याचा डबा उघडून पुन्हा बंद करते. अकराला फोन लावला जातो, स्पीकरवर, म्हणजे दोघांनाही बोलता यावं. ‘‘वन्सं, तुम्ही येणार नव्हतात ना? नाही, सहजच विचारलं. आम्ही घरीच आहोत. आणि अनारसे यंदा एकही हसला नाही.’’