दुष्काळसदृश स्पष्टता

लेखनाच्या सुबोधतेसाठी इंग्रजीत 'पर्स्पिक्युइटी' असा एक शब्द असून, तो ज्या गुणाचे नाव आहे तो गुण त्याच्या स्वतःच्या अंगी औषधालाही नाही, ही गोष्ट त्या भाषेच्या पंडितांनी फारशी मनाला लावून घेतलेली दिसत नाही. 'आरपार पाहणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो निघाला, आणि जॉर्ज कॅम्बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १७७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात शैलीच्या सर्व गुणांमध्ये त्याला पहिले आसन दिले. शब्द अचूक वापरायचा असेल तर एक पथ्य पाळावे लागते: तो मजकुराला लावावा, माणसाला नव्हे. माणसाच्या तीक्ष्ण नजरेसाठी, म्हणजे समोरच्याच्या मनातले आणि कागदामागचे ओळखण्याच्या शक्तीसाठी, 'पर्स्पिकॅसिटी' हा त्याचा चुलतभाऊ वेगळा आहे, आणि स्पर्धा परीक्षांच्या शब्दसूच्या पाठ करणाऱ्यांचा पाय नेमका या दोघांच्या उंबरठ्यावर घसरतो. बीड जिल्ह्यात मात्र हा शब्द वापरू पाहणाऱ्याची अडचण व्याकरणाची नाही. व्याकरण सांभाळून झाल्यावरही तो ज्याला लावावा असा सरकारी कागद सहजासहजी हाती लागत नाही, ही आहे.

भारतीय साहित्यशास्त्रात याच गुणाला 'प्रसाद' म्हणतात. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यगुणांची लांबलचक यादी छाटून माधुर्य, ओज आणि प्रसाद असे तीनच ठेवले, आणि प्रसादाची ओळख करून देताना, कोरड्या सरपणाला आग लागावी तसा अर्थ मनाला व्यापतो, असे सांगितले. हे सरपण ज्या प्रदेशात विपुल आहे त्या प्रदेशात एके काळी हा गुणही विपुल होता. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत ज्यांची समाधी दाखवली जाते त्या मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये रचला असे परंपरा मानते (विदर्भातील आंभोरा मुकुंदराजांवर आपला हक्क सांगते, आणि हा वाद मिटावा अशी दोन्ही गावांची फारशी इच्छा नसावी). ब्रह्म आणि माया यांच्यासारखा विषय, ज्याला अस्पष्ट राहण्याचा जन्मसिद्ध अधिकार होता, तो ज्यांना संस्कृत येत नाही त्यांच्यासाठी मराठीत उलगडून सांगण्याचा तो उद्योग होता.

त्याच अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१ ते १६१५) याहून पुढे गेले. सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला 'गीतार्णव' आणि सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा विषय आकृत्यांसह मांडणारी 'पासोडी' ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. पण प्रस्तुत विषयाला उपयोगी आहे तो गीतार्णवातील त्यांचा एक युक्तिवाद. संस्कृतात सगळ्या भांड्यांना मिळून 'घट' म्हटले की काम भागते, मराठीत मात्र डेरा वेगळा, रांजण वेगळा, सुगड वेगळे, आणि ही प्रत्येक वस्तू तिच्या नावाने मागितल्याखेरीज मिळत नाही, अशा आशयाने त्यांनी मराठीच्या नेमकेपणाची बाजू मांडली. ज्या जिल्ह्यात पुढे चार शतकांनी पाण्याच्या भांड्यांची रांग हेच उन्हाळ्याचे ठळक दृश्य होणार होते, तेथील संताने भाषेच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून पाण्याचीच भांडी निवडावीत, यात द्रष्टेपण कितपत होते हे ठरवणे कठीण आहे. भांड्यांची नावे मात्र नेमकी राहिली आणि ती रिकामी का आहेत हे सांगणारा शब्द तेवढा पातळ होत गेला.

या पातळ होण्याला कायदेशीर इतिहास आहे. राज्यस्थापनेला जेमतेम तीन वर्षे झाली असताना, १९६३ मध्ये, महाराष्ट्राने एक अधिनियम करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून इंग्रजीतील 'फॅमिन' हा शब्द वगळला आणि त्याच्या जागी 'स्कॅर्सिटी', अर्थात टंचाई, बसवली. पिकांच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते आणि गरज दिसताच उपाय योजले जातात, तेव्हा अन्नान्नदशेची वेळ येणारच नाही व त्या शब्दाला काही काम उरलेले नाही, असा त्यामागचा विचार होता. कायद्याने हद्दपार केलेल्या या शब्दाला नोटीस बजावायची राहिली असावी, कारण नऊच वर्षांनी १९७२ उजाडले आणि मराठवाड्यातील माणसे सुकडी खात खडी फोडू लागली. त्या सालाला बीडमध्ये आजही कोणी 'बहात्तरची टंचाई' म्हणत नाही. लोकांनी अधिनियम वाचलेला नाही.

टंचाईनंतर अवतरला तो 'सदृश'. हा संस्कृत प्रत्ययवजा शब्द 'च्यासारखा दिसणारा, पण तो नव्हे' एवढा अर्थ वाहतो, आणि 'दुष्काळसदृश परिस्थिती' या समासात तो अत्यंत काटेकोरपणे वापरला जातो, हे मान्य केले पाहिजे. २०१५-१६ च्या अवर्षणात हजारो गावे अशी सदृश अवस्थेत उभी होती. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले जात होते. ते पाणीसदृश नव्हते, एवढाच काय तो अपवाद. अखेर मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना, मे २०१६ मध्ये, शासनाने आधीच्या आदेशांतील 'दुष्काळसदृश परिस्थिती' या शब्दांच्या जागी 'दुष्काळ' असे वाचावे, अशी दुरुस्ती केली आणि सुमारे २९ हजार गावांना आपण नेमके कशात आहोत हे कळले. मुद्रणदोष दुरुस्त करण्यासाठी जन्मलेल्या शुद्धिपत्रकाने हवामानाची दुरुस्ती केल्याचे उदाहरण अन्य वाङ्मयात क्वचितच सापडेल.

यानंतर केंद्राने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली आणि दुष्काळ पाहून ठरवण्याऐवजी निर्देशांकांवरून ठरू लागला. पावसाची तूट आणि खंड यांवरून 'ट्रिगर एक', मग वनस्पतींची उपग्रहातून दिसणारी स्थिती, जमिनीतील ओल, भूजल इत्यादींवरून 'ट्रिगर दोन', आणि शेवटी निवडक १० टक्के गावांत जाऊन पिकांचे सत्यमापन, म्हणजे करपलेले पीक खरोखर करपले आहे काय याची खातरजमा, असा तो क्रम आहे. या 'ट्रिगर'साठी राज्याच्या आदेशांत 'कळ' हा शब्द योजण्यात आला, आणि 'पहिली कळ', 'दुसरी कळ' लागू झालेल्या तालुक्यांच्या याद्या निघू लागल्या. भाषांतरकाराच्या मनात यंत्राची कळ होती. वाचणाऱ्या गावाला दुसराच अर्थ आधी आठवला, आणि तोच अधिक बरोबर होता. सरकारी मराठीत प्रसादगुण अवतरल्याचा हा बहुधा एकमेव दाखला असून तो अनवधानाने घडला, हेही नोंदवून ठेवावे लागते.

२३ ऑक्टोबर २०१८ रोजी दुसरी कळ लागू झालेल्या १८० तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली, आणि ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत, त्यांत बीड जिल्ह्याचे सर्व ११, प्रत्यक्ष दुष्काळ. मधल्या आठ दिवसांत बीडच्या शेतात बदलण्यासारखे काही उरले नव्हते. बदल झाला तो समासात. जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्काची माफी ही यादी सदृशालाही लागू होते, म्हणून तो शब्द अगदीच निष्फळ आहे असे म्हणता येणार नाही. पण केंद्राच्या संहितेत दुष्काळ मध्यम असतो किंवा गंभीर असतो, सदृश नसतो, आणि दिल्लीकडे मदतीचा प्रस्ताव पाठवायचा तर उघडा, निःसंदिग्ध 'दुष्काळ' लिहावा लागतो. स्पष्ट शब्दाला खर्च असतो. ज्या लेखणीला हे आधीच दिसले तिच्या मसुद्यात पर्स्पिक्युइटी शोधणे हा अन्याय आहे; तिच्या धन्याच्या ठायी असलेली पर्स्पिकॅसिटी मात्र वादातीत आहे, आणि परीक्षार्थींनी दोन शब्दांतला भेद लक्षात ठेवण्यासाठी याहून सोपे उदाहरण शोधू नये.

२०२३ मध्ये या शास्त्राने आणखी सूक्ष्म रूप धारण केले. ऑक्टोबरअखेर राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत बीड जिल्ह्यातील वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तीन होते. नोव्हेंबरमध्ये उर्वरित भागातील १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. मंडळ म्हणजे तालुक्याहून लहान, काही गावांचा मिळून केलेला महसुली विभाग. निकष दोन होते: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, आणि एकूण ७५० मिलिमीटरहूनही कमी. परिणामी धारूरच्या हद्दीत उभा असलेला कापूस दुष्काळाने वाळला आणि हद्दीपलीकडच्या तालुक्यातील कापसाला, मंडळ यादीत असल्यास, सदृशतेने वाळावे लागले. दासोपंतांनी भांड्यांचे भेद मोजले होते. येथे त्यांच्या तळाशी उरलेल्या कोरडेपणाचे भेद मोजले गेले, आणि वर्गीकरणाची मराठी परंपरा खंडित झाली नाही.

या जिल्ह्यात पूर्ण पर्स्पिक्युइटी असलेली एक परिभाषा आजही नांदते, पण ती कोणत्याही संचालनालयाने घडवलेली नाही. दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे ऊसतोडीला निघणाऱ्या लाखो माणसांचा व्यवहार ती सांभाळते. तिच्यात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, 'अर्धा कोयता' म्हणजे त्यांपैकी एकच माणूस, 'उचल' म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम, जी घाम गाळून फेडायची असते, आणि 'खाडा' म्हणजे कामावर न गेलेला दिवस, मग तो तापाचा असो, पाळीचा असो वा बाळंतपणाचा, ज्याचा दंड त्या उचलीच्या खात्यावर चढतो. यातील एकाही शब्दासाठी कोश उघडावा लागत नाही, शुद्धिपत्रक निघत नाही आणि सत्यमापनाला दहा टक्के माणसे निवडली जात नाहीत. मुकादमाच्या वहीत 'खाडासदृश' असा रकाना नसतो.