मटण सोडायचा हंगाम

झाडीपट्टीत बोलावणं आलं की माणूस आधी मटण आहे की वडाभात, ते विचारतो. लग्न असो की तेरवी. अशा मुलखात ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं बोलावणं धाडणाऱ्या देवाच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं. इतका मोठा यजमान, पन्नास दिवसांचं आमंत्रण, आणि आल्या आल्या कपाळाला राख!

पन्नास दिवस, कारण आमचा हिशेब केरळचा. १९६२ साली चांद्याचा मुलूख सिरो-मलबार चर्चकडे आला, १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला, आणि घरात मराठी बोलणारे आम्ही लोक मलयाळी वळणाने उपाशी राहायला शिकलो. बाकीच्या कॅथलिकांची राख बुधवारी, आमची त्याआधीच्या सोमवारी. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट दोन दिवस आधी सुरू झालेली सोसत नाही.

२०२६ साली तर महाशिवरात्र रविवारी आणि दुसऱ्याच दिवशी आमची राख. अर्धी गल्ली मार्कंड्याच्या जत्रेहून भस्म लावून परतलेली, त्यात माझं कपाळ सहज खपून गेलं. चहावाल्याने विचारलं, "मार्कंड्याले गेले होते का जी?" चर्चमध्ये गेलो होतो म्हटल्यावर "एकच आहे ना जी" म्हणत त्याने चहात दोन चमचे साखर टाकली. साखर मी त्याच सकाळी सोडली होती. पण माणूस सर्वधर्मसमभावाने साखर घालतो तेव्हा कप परत करणं बरं दिसत नाही.

शेजारच्या माळकरी काकूंना आमचा उपास पटत नाही. "भात चालतो?" चालतो. "वरण, पोळी, वांग्याची भाजी?" चालते. "मग चालत नाही काय?" मटण, मासे, अंडी. काकू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे आमच्या घरी बाराही महिने तुमचा उपास. आणि साबुदाणा?" तोही चालतो म्हटल्यावर त्यांचा आमच्या धर्मावरचा उरलासुरला विश्वास उडाला.

काय सोडायचं, यावर आमच्यात खल चालतो. गडचिरोलीचे माझे एक नातेवाईक दर वर्षी गंभीर चेहऱ्याने दारू सोडतात. त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे १९९३पासून. म्हणजे देवाला ते सरकारी खात्यातून दान देतात. चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ बंदी होती, तेव्हा आमच्या त्यागाला भावच उरला नव्हता. बंदी उठली आणि पापाबरोबर पुण्याचीही सोय झाली.

लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीची एक गोष्ट आहे. पाहुणे ऐन वेळी सबबी सांगतात: एकाने शेत घेतलंय, एकाने बैलांच्या पाच जोड्या, एकाचं नुकतंच लग्न झालंय. आमच्याकडच्या सबबी याहून भक्कम आहेत. ऐन उपवासकाळात मोहाची फुलं गळतात आणि पहाटेच वेचावी लागतात, नाहीतर अस्वल वेचतं. रविवारची मिसा आणि अस्वल यांच्यात कोण वाट बघेल, हे जंगलाकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. त्या यजमानाकडे अस्वलाची सबब गेली असती तर त्याला रागावताही आलं नसतं.

खरी कसोटी धुळवडीची. ती उपवासकाळातच येते, कारण ईस्टरही चंद्र पाहूनच ठरतो. सकाळपासून मटणाच्या दुकानापुढे रांग आणि दुपारी गल्लीभर रश्श्याचा वास. त्यात मत्तयाने सांगून ठेवलंय, उपास करताना तोंड पाडू नका, केसांना तेल लावा, कुणाला कळू देऊ नका. म्हणून मी चोपून तेल लावलं, हसतमुखाने दारात बसलो आणि आलेला प्रत्येक डबा कारण न सांगता परत पाठवला.

संध्याकाळपर्यंत मला शुगर निघाल्याची बातमी चौकापर्यंत गेली होती. एक जण शहाळं घेऊन आला, दुसरा कुठल्याशा वैदूचा पत्ता. शेवटी बायकोनेच सांगून टाकलं, "काही नाही झालं जी यांना, उपास आहे. पन्नास दिवसांचा."

"पन्नास?" शहाळंवाला उठलाच. "मग तर दवाखान्यातच न्या!"