रीडिंग कशी बसवावीत : फिजिक्स प्रॅक्टिकलची नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

बारावीच्या फिजिक्सला लेखीचे ७० आणि प्रॅक्टिकलचे ३०. हे ३० मार्क घरात हातचे धरलेले असतात, म्हणून वर्षभर त्यांना कुणी हात लावत नाही. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या हद्दीत, म्हणजे सातारा, सांगली आणि खुद्द कोल्हापुरात, नोटीस बोर्डावर बॅचेस लागल्या की मग धावपळ सुरू होते. पुढील सूचना त्या धावपळीतल्यांसाठी आहेत. हुशार मुलांनी वाचू नयेत, त्यांची रीडिंग केव्हाच तयार असतात.

आधी जर्नल पूर्ण करावे. म्हणजे मावसबहिणीचे मागच्या वर्षीचे जर्नल आणून उतरवून काढावे. तिच्या वेळची सोनोमीटरची तार कधीच तुटली आणि जागी नवी लागली, तरी तुमचे उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत तिच्याइतकेच येते. यात भौतिकशास्त्राचे नियम सर्व काळी सारखेच असतात हे सिद्ध होते. सर सही करतात, कारण त्यांच्यापुढे असे ऐंशी गठ्ठे असतात.

आता मुख्य विद्या. रीडिंग घेणे सोपे असते, ती बसवणे अवघड. बसवण्याची रीत अशी : पुस्तकातले उत्तर घ्यावे, सूत्र उलटे फिरवावे, जी रीडिंग यायला हवी होती ती काढावीत आणि तक्त्यात एखादे मुद्दाम थोडे हलवून लिहावे, नाहीतर संशय येतो. हा रोग अकरावीत लंबकाच्या प्रयोगापासून जडतो. गुरुत्व त्वरण ९.८१ यायला हवे, हे मुलाला दोरा बांधायच्या आधीपासून पाठ असते.

इथे एक अडचण आहे. ९.८१ हा लंडनचा आकडा आहे. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगलेली आहे आणि फिरतेही, त्यामुळे जसे दक्षिणेला यावे तसे त्वरण कमी होते. सातारा सुमारे १७.७ अंशांवर, सांगली १६.९ अंशांवर, शिवाय दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून बरीच वर. हिशेब केला तर दोन्हीकडे साधारण ९.७८ येते. ज्या साताऱ्याने १९४३ मध्ये इंग्रजांना न जुमानता प्रतिसरकार चालवले (आजच्या सांगलीचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता), तिथल्या लॅबमध्ये लंडनचे गुरुत्वाकर्षण अजून निर्वेध सुरू आहे.

आता बसवलेल्या आकड्याची ताकद पाहा. लांबी १०० सेंमी, मोजायची २० आंदोलने. साताऱ्यात त्यांना ४०.१८ सेकंद लागायला हवेत, लंडनमध्ये ४०.१२. फरक ०.०६ सेकंदांचा. मोबाइलचे स्टॉपवॉच शंभरावा भागही दाखवते, पण ते दाबणारा अंगठा तुमचा असतो आणि डोळ्याने पाहिलेले अंगठ्यापर्यंत पोहोचायला ०.२ सेकंद सहज जातात. म्हणजे तक्त्यात ४०.१२ लिहिणारा विद्यार्थी असे म्हणत असतो, की माझा अंगठा सातारा आणि लंडन वेगळे ओळखू शकतो.

खरोखर मोजणाऱ्याचे काय होते? समजा, ४०.३ सेकंद आले. त्वरण निघते ९.७२. लांबीत एका मिलिमीटरची शंका धरली तर ती ०.१ टक्का. वेळेतली ०.२ सेकंदांची शंका अर्धा टक्का, पण सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून ती दुप्पट होऊन १ टक्का. बेरीज १.१ टक्के. उत्तर : ९.७२ ± ०.११. यात साताराही आला, लंडनही आले. उत्तर ढिले दिसते खरे, पण त्यात खोटे काही नाही. अंगठा सुधारत नाही म्हणून आंदोलने वाढवावीत : २०ऐवजी ५० मोजली, की तीच ०.२ सेकंदांची शंका शंभर सेकंदांत वाटली जाते. मोजताना शेजारच्याने ‘कुठवर आलास’ विचारले तर उत्तर देऊ नये.

स्क्रू गेजवर थोडे थांबू, कारण मार्क इथे सांडतात. जबडे रिकामे मिटवून आधी झिरो एरर पाहावी. वर्तुळाकार पट्टीचा शून्य मुख्य रेघेच्या खाली राहिला तर एरर धन आणि ती वजा करायची. वर गेला तर ऋण आणि मिळवायची. हे परीक्षेत नेमके उलटे आठवते. मग तार पकडून टोकाचे रॅचेट फिरवावे, टक-टक वाजले की थांबावे. पुष्कळांना मधले जाड नळकांडे पिळायची सवय असते, नळाची तोटी बंद करावी तसे. तार चेपते आणि बारीक भरते. शिवाय तार गोल असेलच असे नाही, म्हणून त्याच जागी काटकोनात फिरवून दुसरे रीडिंग घ्यावे.

एवढे कशासाठी? तारेचा व्यास ०.०४ सेंमी, लीस्ट काउंट ०.००१ सेंमी. शंका अडीच टक्के. विशिष्ट रोध काढताना त्रिज्येचा वर्ग होतो, म्हणजे ५ टक्के. तिकडे मीटर ब्रिजवर तुम्ही जॉकी अलगद टेकवत, तारेवरून न घासता, नल पॉइंट मिलिमीटरपर्यंत शोधलेला असतो. तो मधोमध, ५० सेंमीपाशी सापडला तर मिलिमीटरची चूक उत्तरात ०.४ टक्केच आणते. १० सेंमीपाशी सापडला तर १.१ टक्का. म्हणून रेझिस्टन्स बॉक्समधून किल्ल्या काढून तो मध्यावर आणावा, आणलाच पाहिजे, पण ५ टक्के गेले ते स्क्रू गेजमध्ये, हेही लक्षात ठेवावे. गॅल्व्हनोमीटरचा काटा एकाच बाजूला पळत असेल तर जोडणी चुकली आहे. लॅबवाल्या मामांकडे केविलवाणे पाहावे. ते बोलत नाहीत, पण कोणत्या वायरकडे बघतात ते पाहावे.

रेझोनन्स ट्यूब मिळाली तर पुस्तकातला ३३१ लिहून मोकळे होऊ नये. ध्वनीचा तो वेग शून्य अंशाचा आहे. दर अंशाला सुमारे ०.६ वाढतो, म्हणजे ३० अंशांच्या खोलीत ३४९ मीटर प्रतिसेकंद. खोलीचा वेग म्हणून ३३१ लिहिणाऱ्याने मग स्वेटर घालून बसावे.

कॅल्क्युलेटर जे दाखवतो ते सगळे उतरवणे हा आणखी एक लोकप्रिय प्रकार. पुरात सांगलीत आयर्विन पुलाची पातळी फुटा-इंचांत सांगतात : ४० फूट इशारा, ४५ धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, गावाचे प्राण कंठाशी आले, तरी इंचाच्या हजाराव्या भागाची चौकशी कुणी केली नाही. पाणी हलत होते. तुमचा लंबकही हलतच असतो, तेव्हा ९.७२३४५६१ हे उत्तर खोडावे.

शेवटी तोंडी. एक्स्टर्नल दुसऱ्या कॉलेजातून आलेले असतात आणि सकाळपासून सगळ्यांचे ९.८१ बघून कंटाळलेले असतात. तुमचे ९.७२ पाहून ते चष्मा वर करतील आणि म्हणतील, ‘कमी आलंय.’ घाबरून खोडरबर काढू नये. ‘सर, शंका ०.११ ची आहे, आणि साताऱ्याची किंमत ९.७८ च्या आसपास आहे,’ असे म्हणावे. ‘तुला कुणी सांगितलं?’ असे विचारले तर अक्षांश सांगावा. ‘अंगठ्याचे ०.२ कशावरून?’ हा पुढचा प्रश्न येऊ शकतो; त्यासाठी स्टॉपवॉच नुसतेच दहा-बारा वेळा सुरू-बंद करून पाहिलेले असावे, म्हणजे किती लागतात ते कळते. त्यावरही सर गप्प राहिले तर आपणही गप्प राहावे, सही घ्यावी आणि स्टॉपवॉच खिशातून काढून टेबलावर ठेवावे. मामा दारातच उभे असतात.